दोन किल्ल्या, दोन वाटा

अमरावतीचं नाव झालं ते कापसामुळे. पण कापूस गाड्यांवर चढण्याआधी पैसा हलावा लागतो, आणि रेल्वे येण्याआधीच्या वऱ्हाडात रोकड घेऊन लांबचा प्रवास करणं म्हणजे वाटमाऱ्यांना बोलावणंच. म्हणून पैसा हिंडायचा तो हुंडीवर. इथल्या पेढीवर रक्कम भरायची, सावकार एक कागद लिहून देई, आणि तो परगावच्या पेढीवर दाखवला की तिथे पैसे हाती पडत.

आज आपण ज्याला टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन म्हणतो, म्हणजे पासवर्डच्या जोडीला आणखी एक पुरावा, त्याची गोष्ट मला या हुंडीपासूनच सांगावीशी वाटते.

हुंडी लिहिणारा मुनीम मोठा संशयी. हजाराची हुंडी असली तर रक्कम आकड्यात लिही, अक्षरात लिही, आणि वर निम्मे पाचशे, त्यांची दुप्पट पुरी द्यावी, असंही नोंदवी. एखादं शून्य वाढवून लबाडी करणं सोपं राहत नसे. पण कागदच चोरीला गेला तर? दर्शनी हुंडी दाखवताक्षणी वटवायची असते. त्यावर तोड होती शाहजोग हुंडीची. जोग म्हणजे ज्याला द्यायची तो, आणि शाह म्हणजे बाजाराला ठाऊक असलेला पतवंत माणूस. अशा हुंडीचे पैसे अनोळखी माणसाच्या हाती पडतच नसत. त्याला आधी कुणी शाह गाठावा लागे, आणि शाह आपली पत पणाला लावण्याआधी चार प्रश्न विचारी.

शिवाय पैसे देणाऱ्या पेढीला वेगळं पत्र जाई: अमुक रकमेची, अमुक मितीची हुंडी केली आहे. हुंडी माणसाच्या कमरेला आणि पत्र वेगळ्या वाटेने. वाटेत हुंडी लुटणाऱ्याच्या हाती ते पत्र लागत नसे. हुंडी हरवली तर दुसरी प्रत मिळे, तिला पेठ म्हणत. तीही गेली तर परपेठ. एकीचे पैसे दिले की बाकीच्या बाद.

१८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला. त्यांच्या जिल्हा खजिन्यांतही हीच अक्कल होती, फक्त ती लोखंडात घडवलेली. खजिन्याच्या खोलीला दुहेरी कुलूप, एक किल्ली खजिना अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे. एकट्याला दार उघडता येऊ नये, साहेबालासुद्धा. बँकेच्या लॉकरला आजही दोन किल्ल्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची. १८८० साली मनिऑर्डर सुरू झाली. तिच्यावरही पुढे लिहिता न येणाऱ्याच्या अंगठ्याशेजारी साक्षीदाराची सही लागे. गावातल्या आजीबाईंना हे पुरतं ठाऊक होतं. अंगठा आपला, साक्ष दुसऱ्याची.

इंटरनेटवर पैसे फिरू लागले तेव्हा दुसरी किल्ली कुठून आणायची हा प्रश्न आला. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड-व्यवहारांना जादा पुरावा सक्तीचा केला. आधी तो वेगळा पासवर्ड होता, नंतर मोबाइलवर येणारा ओटीपी रूढ झाला. कार्डाचा नंबर एका वाटेने, ओटीपी दुसऱ्या वाटेने. हुंडी आणि पत्राचीच जोडी, माझ्या मते.

पण इथे एक मेख आहे. आता बँकेचं ॲप, ई-मेल, ओटीपी सगळं एकाच मोबाइलवर असतं. दोन्ही किल्ल्या एकाच खिशात! अनोळखी माणसाने पाठवलेली एपीके फाइल उघडून मागेल ती परवानगी दिली, तर ती आलेले मेसेज परस्पर वाचू शकते. कुणी आपल्या नावाने दुसरं सिमकार्ड काढलं तर ओटीपी थेट त्याच्याकडे जातो.

आणि आपल्याकडची एक सवय चोराच्या पथ्यावर पडते. बाप दर्यापूर-मूर्तिजापूरकडे, मुलगा पुण्यात, खातं बापाच्या नावावर. मुलगा तिकडून बिल भरतो आणि फोन करतो, ‘बाबा, नंबर आला का? सांगा.’ बाप चष्मा शोधतो आणि सहा आकडे वाचून दाखवतो. अशी कितीतरी घरं मी पाहिली आहेत. यात कुणाची लबाडी नाही. पण हाच आवाज, हीच आर्जवं घेऊन परका माणूस फोन करतो, ‘काका, पीकविम्याचे पैसे अडकलेत, आलेला नंबर तेवढा सांगा.’ काकांना यात वेगळं काहीच वाटत नाही. जुन्या पेढीवरचा मुनीम अशा माणसाला आधी विचारता, ‘तुमचा शाह कोण?’

यावर आता चांगली साधनं आहेत. ऑथेंटिकेटर ॲपमध्ये फोन आणि पलीकडचा संगणक यांच्यात सुरुवातीला एक गुपित वाटून घेतलं जातं. मग दोघंही घड्याळ पाहून दर तीस सेकंदांनी तोच सहा आकडी अंक काढतात. मेसेज येतच नाही, त्यामुळे सिम पळवून उपयोग नाही. मात्र हा अंकही तोंडाने सांगितला की गेलाच. सुरुवात ई-मेलपासून करावी, कारण बाकीच्या बऱ्याच खात्यांचे विसरलेले पासवर्ड तिथेच येतात. व्हॉट्सॲपवर २०१७ पासून सहा आकडी पिन ठेवता येते, तीही ठेवावी. बँकांपुरतं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेने २०२५ साली नवे निर्देश काढून एसएमएसखेरीज इतर पुराव्यांनाही वाट दिली. अंमलासाठी तारीख ठरवली १ एप्रिल २०२६.

दुसरा पुरावा सुरू करताना बरीच खाती काही राखीव अंक देतात, फोन हरवला तर वापरायला. ही आपली पेठ. फोनमध्ये त्यांचा फोटो काढून ठेवू नये. कागदावर उतरवून सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवावेत. त्याच कागदावर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लिहावा. पैसे गेल्यावर पहिला फोन तिथे करायचा, ताबडतोब. आणि पुण्याच्या मुलाचा फोन आला तर ‘ठेव, मी करतो’ म्हणून आपण उलटा लावावा, पाठ असलेल्या नंबरवर.