सन अठराचा बस्ता

नागपुरात ज्याला विचाराल त्याचे पूर्वज भोसल्यांच्या दरबारी होते. कोणाचे खापरपणजोबा किल्लेदार, कोणाचे खजिनदार, आणि अगदीच काही नाही तर हत्तीखान्याचे प्रमुख. महालातल्या एखाद्या पानठेल्यावर संध्याकाळी अर्धा तास उभं राहिलं तर वाटतं, त्या काळी इथे रयत अशी नव्हतीच. सगळे सरदारच होते. एवढे शूर पूर्वज खरोखर हजर असताना १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर कंपनीच्या लहानशा फौजेपुढे अप्पासाहेब भोसले हरले कसे, हे कोडं मला शाळेपासून सुटलेलं नाही. २६ आणि २७ तारखेला बहुधा सगळेच्या सगळे रजेवर असावेत.

आमच्या घरीही एक तलवार आहे. म्हणजे होती, असं आत्या सांगते. राजाने म्हणे खूश होऊन ती दिली होती. कुठे गेली विचारलं, तर “तिचे इळे केले ना बाप्पा, धानाच्या कापणीले” हे उत्तर. विळे कुठे गेले हे विचारण्याची पद्धत आमच्या घरात नाही.

तलवारीचा पुरावा राहत नाही, कागदाचा राहतो. आणि कागद म्हटला की कारकून आला. इतिहासाच्या पुस्तकात कारकुनाला जागा नाही, पण त्याच्याशिवाय पुस्तकही नाही, हे मी बी. कॉम. होऊन बँकेत वीस वर्षं लेजर ओढल्यावर अभिमानाने सांगू शकतो. भोसल्यांचे चिटणीस, फडणीस, पोतनीस बघा. पदं गेली, आडनावं राहिली. महालात चिटणवीसांच्या नावाचं पार्क आहे, वस्ती आहे. आणखी शंभर वर्षांनी आमचे वंशजही ‘कॅशियरकर’ म्हणून मिरवतील, अशी मला आशा आहे.

११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघूजी भोसले वारले. औरस मुलगा नाही, या सबबीवर डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. हत्ती-घोडे लिलावात निघाले. पण कारकुनाचा लिलाव कोणी करत नाही. तो जुन्याच बैठकीवर नव्या साहेबासाठी लिहीत राहिला. १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला आणि नागपूर राजधानी. पुढे १९५० मध्ये त्याचा मध्यप्रदेश झाला, तरी राजधानी नागपूरच. १९५६ च्या १ नोव्हेंबरला आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि राजधानी भोपाळला. १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्र. आमचे आजोबा एका घराच्या एकाच ओसरीवर, एकाच खाटेवर बसून चार राज्यांत राहिले आणि त्यांना कोणी एसटीचं तिकीटही मागितलं नाही. फिरावं लागलं ते कागदांना. भावाभावांच्या वाटणीत जशी भांडी जातात तशी दप्तरं विभागली. काही भोपाळकडे गेली, काही इथे राहिली.

मोठ्यांचा इतिहास या साऱ्यातूनही सापडतो. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सने १८२७ मध्ये नागपूर मुलखावर जाडजूड अहवाल लिहिला. १९१६ मध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड काढले. त्यात आमची जात सापडते, आम्ही सापडत नाही. आम्हाला शोधायचं तर कोतवालाच्या वहीत शिरावं लागतं.

ही वही म्हणजे काय चीज आहे ते ऐका. गावात कोणी जन्मलं, कोणी मेलं, की कोतवालाने लक्षात ठेवायचं आणि ठाण्यात जाऊन सांगायचं. हा कोतवाल बहुधा महार समाजातला. त्याला लिहिता येत नसे. वही त्याच्या काखेत, अक्षर दुसऱ्याचं. चिखल तुडवत, नाला ओलांडत तो जाई आणि पाठ केलेलं सांगे. मोहरीर लिहून घेई. ज्याच्या हातचं पाणी गावाला चालत नव्हतं, त्याच्या वहीत गावातल्या यच्चयावत माणसांचं येणं-जाणं जमा होत होतं. आज मालगुजाराचा पणतू आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतलेल्यांचे पणतू एकाच खिडकीपुढे उभे असतात. दोघांनाही तीच वही पाहिजे. सरकारी भाषेत तिला गाव नमुना चौदा म्हणतात. आपल्याकडे ‘कोतवाल बुक’.

ही रांग पूर्वजांच्या प्रेमापोटी लागलेली नाही. शाळेत आपण प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे इतिहासाचे तीन भाग शिकलो. जात पडताळणीत दोनच: तारखेच्या आधीचा आणि नंतरचा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, आणि आमच्यासारख्या इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीचा, जात लिहिलेला कागद आणा, मग बोला. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधायला बसली, तेव्हापासून तर मोडी वाचणाऱ्याला लग्नाच्या घोड्याएवढा भाव आला. माझ्या मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा प्रश्न होता. प्रवेश पुढच्या वर्षांचा, पुरावा मागच्या शतकाचा.

आजोबांचा शाळेचा दाखला होता. त्यावर जन्मतारीख १ जुलै. त्यांच्या वर्गातल्या सगळ्याच मुलांची १ जुलै. गावात पाऊस आणि पोरं एकाच दिवशी येत असली पाहिजेत. पण जातीच्या रकान्यात शाई पसरून खंडाळ्याचा घाट झालेला.

आत्याने प्रयागच्या पंड्याचं नाव सुचवलं. सूचना अगदीच टाकाऊ नव्हती. प्रयागचे पंडे झेंड्यावरच्या खुणेने ओळखतात. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या असतात. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या मंडळींनी तर १९७७ पासून हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची मायक्रोफिल्म काढायला सुरुवात केली. त्यांचा पंथ आपल्या पूर्वजांचा शोध हे धर्मकार्य मानतो. डोंगर पोखरून आत रिळं ठेवली आहेत, आणि शोधायला कोणी आलं तर मदतीला स्वयंसेवक बसवले आहेत, फुकट. हे वाचून मी आमच्या बँकेतला ‘चौकशी’ लिहिलेला काउंटर डोळ्यांपुढे आणला. तिथली खुर्ची बहुधा स्वतःच चौकशीला गेलेली असते.

तर रेकॉर्ड रूम. कोणत्या गावची ते सांगत नाही, सगळीकडे तीच आहे. पहिल्या खेपेला “सोमवारी या”. दुसऱ्या खेपेला सोमवार होता, पण साहेब मीटिंगला. तिसऱ्या खेपेला साहेब होते, त्यांनी रजिस्टर उघडून आजोबांचं नाव शोधलं आणि “नोंद आढळत नाही” असं सौम्यपणे सांगितलं. मी उठलो. दाराशी पाठीला खांबाचा आधार देऊन शिपाई बसला होता, निवृत्तीला आलेला.

“कोणाचं काढून राहिले जी?”

“आजोबांचं. नाव नाही म्हणतात.”

“आजोबाचं नाव कसं भेटन? बारसं व्हाच्या पहिलेच कोतवाल ठाण्यात पोहचे. लेकराचं नाव राहतच नाही त्याच्यात. आजोबाच्या बापाचं सांगा.”

इथे माझ्या कॉमर्सच्या पदवीला पहिला धक्का बसला. जमा कोणाच्या खात्यावर पाहायची हेच मुळात उलटं होतं. पणजोबांचं नाव सांगितलं. मग त्याने प्रश्न सुरू केले. गावाचं जुनं नाव काय? तुमचे भाऊबंद कोण? आजोबांच्या वरचा भाऊ किती वर्षांनी मोठा? असे प्रश्न पूर्वी फक्त मुलगी बघायला आलेले लोक विचारत. उत्तरं ऐकून तो आत गेला आणि शिडीवर चढला.

पुण्याच्या पेशवे दप्तरात गाठोड्यांना रुमाल म्हणतात, आमच्याकडे बस्ता. लाल कापड, वर गाठ, आत धूळ आणि कोरांना उंदरांनी केलेली नक्षी. त्याने चौदा सालचा बस्ता सोडला आणि मोडीच्या ओळींवरून बोट फिरवू लागला. मोडी लिहिणाऱ्याने लेखणी उचलायची नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा करायची नाही, असा नियम. वाचणाऱ्याचं काय व्हायचं ते होवो.

“मोडीचा कोर्स केला काय काका?”

“कोर्स कायचा जी. तीस वर्षं झाले धूळ झटकून राहिलो. अक्षर नाही येत, चेहरा वळखतो.”

आणि खरंच बोट थांबलं. फेब्रुवारी १९१४. मुलगा, बापाचं नाव, जात, गाव. आजोबा! नाव नसलेले, दोन दिवसांचे आजोबा. १ जुलैला जन्मलेल्या माणसाला मी फेब्रुवारीत भेटत होतो. मुलीचा प्रवेश त्या एका ओळीवर पुढे झाला, ते यथासांग.

पण काका बस्ता बांधेनात. “घरचं अजून काही पाहाचं आहे काय? सन अठराचं पाहून घ्या. सगळ्याइच्या घरचं त्याच्यात आहे.”

१९१८ च्या इन्फ्लुएंझात हिंदुस्थानात कोटीच्या वर माणसं मेली, आणि मध्यप्रांत-वऱ्हाड सर्वांत वाईट तडाखा बसलेल्या प्रांतांत होता, हे मी कुठेतरी वाचलं होतं. वाचणं वेगळं. त्या वहीत एरवी गावाचा महिना अर्ध्या पानात मावतो. ऑक्टोबर अठरा आला आणि पानं उलटतच गेली. अक्षर आधी सरळ, मग तिरपं, मग घाईचं. मधेच शाई बदलली, मग हातच बदलला. आधीच्या माणसाचं काय झालं ते वहीत नव्हतं. मरणाच्या कारणाचा रकाना मात्र सोपा होता: ताप. खाली ताप. त्याच्या खाली ताप.

काकांचं बोट पुन्हा पणजोबांच्या नावावर थांबलं. अमक्याची बायको, वय २२, ताप. चार ओळी सोडून अमक्याची मुलगी, वय १, ताप.

आजोबा तेव्हा साडेचार वर्षांचे. आम्हाला त्यांनी आईबद्दल काही सांगितलं नाही. बहीण होती हेच घरात कोणाला माहीत नव्हतं. एवढं आठवतं की घरात कोणाला साधा ताप आला तरी ते जेवत नसत. उंबऱ्यावर बसून राहत आणि दर घटकेला “उतरला का” विचारत. घरात त्यावरून त्यांची पुष्कळ थट्टा चाले.

“नाव?” मी विचारलं.

“बायांचं नाव नाही लिहीत जी. कोणाची ते लिहिते.” त्यांनी बस्त्याची गाठ मारायला घेतली. “माह्या आजीचं पण नाही भेटलं. हेच पान, खाली आहे.”

खिडकीवर नकलेचा अर्ज दिला, दोन नोंदींचा. बाबूने जन्माची ओळ पाहिली, मान डोलावली. मग मृत्यूची पाहिली. “ही कायले? पडताळणीले लागत नाही.”

“असू द्या.”

“मग कारण लिहा. हा रकाना कोरा नाही चालत.”

मी ‘घरगुती’ असं लिहिलं आणि तिकीट चिकटवलं.