हुसैनारा खातून खटला आणि शीघ्र न्यायाच्या हक्काची वाटचाल

प्रस्तावना :
न्यायदानातील विलंब हा अन्यायाचाच एक प्रकार होय, ही जाणीव जुनी आहे. इंग्लंडमधील १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेत न्याय नाकारण्याबरोबरच तो लांबणीवर न टाकण्याचीही हमी होती. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ च्या सहाव्या दुरुस्तीने शीघ्र खटल्याचा हक्क स्पष्टपणे नमूद झाला. भारतीय राज्यघटनेत मात्र त्याचा स्वतंत्र उल्लेख नाही. तो न्यायालयीन निर्णयांतून कसा घडला व कोठे अपुरा राहिला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हक्काचा उदय :
नागपूरजवळील कामठी येथे जन्मलेले के. एफ. रुस्तमजी हे राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य होते. बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांच्या स्थितीविषयीचे त्यांचे लेखन जानेवारी १९७९ मध्ये ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधारे ॲड. पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरण याचिका दाखल केली. आरोपित गुन्ह्यासाठी जी कमाल शिक्षा होऊ शकली असती, तिच्याहून अधिक काळ अनेकजण खटल्याविनाच तुरुंगात होते. जामिनाची रक्कम भरण्याची ऐपत नसणे हे त्यामागील प्रमुख कारण होते.

मेनका गांधी खटल्यात (१९७८) न्यायालयाने अनुच्छेद २१ मधील कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे, असे ठरविले होते. न्या. पी. एन. भगवती यांनी हेच सूत्र पुढे नेले. ज्या कार्यपद्धतीत खटला वाजवी मुदतीत निकाली निघत नाही ती न्याय्य म्हणता येणार नाही, असे प्रतिपादून त्यांनी शीघ्र खटला हा अनुच्छेद २१ चाच भाग मानला. अनेक कैद्यांची वैयक्तिक जातमुचलक्यावर सुटका झाली.

कालमर्यादेचा प्रश्न :
‘शीघ्र’ म्हणजे किती काळ, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला. महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या खटल्यात (१९९१) पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हा हक्क तपासापासून अपिलापर्यंत सर्व टप्प्यांना लागू केला. परंतु ठरावीक मुदत घालण्यास नकार दिला. विलंबास जबाबदार कोण, हे प्रत्येक प्रकरणात पाहावे लागेल, अशी भूमिका त्यामागे होती. पुढे १९९६ व १९९८ च्या निर्णयांनी मुदती घालून दिल्या. त्या पी. रामचंद्र राव खटल्यात (२००२) सात न्यायाधीशांच्या पीठाने अमान्य केल्या. अशी मुदत ठरविणे म्हणजे कायदा करणे होय, असे पीठाचे मत पडले.

कायदेमंडळाने फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३६-अ समाविष्ट केले. ते २००६ मध्ये अंमलात आले. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ तुरुंगात काढलेल्या कच्च्या कैद्यास, देहदंडाचे गुन्हे वगळता, सुटकेची तरतूद त्यात होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये प्रथमच गुन्ह्याचा आरोप असलेल्यांसाठी हा काळ एक तृतीयांश करण्यात आला. मात्र जन्मठेपेचे गुन्हेही वगळण्यात आले.

समारोप :
या वाटचालीतून एक विसंगती दिसते. कायद्याने मुदत घातली ती कैदेला, खटल्याला नव्हे. त्यामुळे आरोपी तुरुंगाबाहेर येऊ शकतो, पण आरोपाखालून नाही. फिर्यादीची प्रतीक्षाही संपत नाही. १९७९ मध्ये मान्य झालेला हक्क न्यायाधीशांची पुरेशी संख्या व वेळेवर होणारा तपास यांवाचून पूर्णत्वास जाणार नाही, हेच या इतिहासाचे सार होय.