ताम्हिणी ते पुणे, परळमार्गे

प्रवासाचे नियम आधी ऐकून घ्या. गाव बदलणार नाही: मुळशी तालुक्यातलं ताम्हिणी, घाटाच्या तोंडावरचं. महिना बदलणार नाही: आषाढ, लावणीचे दिवस. माणसंही तीच: तुम्ही, तुमचा थोरला भाऊ आणि वहिनी. वहिनी तासाभरापूर्वी बाळंत झाली आहे आणि तिचं रक्त थांबत नाहीये. बदलेल ते फक्त साल.

डोळे उघडा. १९२१.

पडवीत घोंगड्या पांघरून बसलेली माणसं हलक्या आवाजात धरणाबद्दल बोलतायत. याच साली रामनवमीला मावळे टाटांच्या धरणाच्या कामावर जाऊन बसले. त्यांचे पुढारी सेनापती बापट यांचं नाव खोऱ्यात घरोघरी पोचलंय. आतल्या खोलीत चिमणीचा मिणमिणता उजेड. सुईण वहिनीच्या बेंबीखाली तळहात रुतवून पोट चोळते आहे. "गोळा घट्ट व्हायला पाहिजे, पोरा. ढिला पडला की जातं सगळं." तिचा हात नीट बघून ठेवा. पुढे कामाला येईल.

तुम्हाला पुढचं माहीत आहे म्हणून तुम्ही चिडाल. व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनरनं रक्तगट ओळखले त्याला वीस वर्षं होऊन गेली. सोडियम सायट्रेट घातलं तर रक्त बाटलीत गोठत नाही, हे १९१४ पासून ठाऊक आहे. १९१७ मध्ये फ्रान्समधल्या आघाडीवर ऑस्वाल्ड रॉबर्टसन या अमेरिकी डॉक्टरनं बर्फाच्या पेट्यांत रक्त साठवून ब्रिटिश सैन्यातल्या जखमींना दिलंसुद्धा. ताम्हिणीत यातलं काहीही नाही. बांबूला घोंगडी बांधून झोळी केली, चार गडी घेतले, तरी चिखलातून पुण्याच्या ससूनला पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडेल, आणि तिथेही रक्ताचा साठा म्हणून काही नसेल. चला, पुढे. या सालाचा शेवट मी मुद्दाम दाखवत नाही.

१९५२ मध्ये मात्र मी माझाच नियम मोडतो आणि तुम्हाला परळला नेतो. त्यात फारसं खोटं नाही. मुळशी-मावळातले कितीतरी गडी मुंबईत डबे पोचवतात. तुमचा भाऊ त्यांतलाच एक, आणि वहिनी यंदा बाळंतपणाला गावी गेलेली नाही. तुम्ही केईएम रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभे आहात. रक्त आता काचेच्या बाटलीत असतं, खाली रबरी नळी. आम्ल, सायट्रेट आणि ग्लुकोज यांच्या मिश्रणात ते तीन आठवडे टिकतं; इंग्लंडमध्ये लाउटिट आणि मॉलिसन यांनी युद्धकाळात, १९४३ मध्ये, हे जमवलं. म्हणजे देणारा आणि घेणारा शेजारी शेजारी असण्याची गरज संपली. तुमचं अर्ध्याहून अधिक काम सोपं झालं असं वाटतंय ना? थांबा.

तंत्रज्ञ पांढऱ्या टाइलवर वहिनीच्या रक्ताचे थेंब ठेवतो. ए-विरोधी द्रव घातला, गुठळी नाही. बी-विरोधी घातला, गुठळी नाही. म्हणजे ओ. तुम्हीही ओ, आणि बाही वर करून तयारच आहात. पण वहिनीच्या रक्तातलं पाणी, म्हणजे सिरम, तुमच्या पेशींवर घातल्याबरोबर सगळं गोळा होऊन बसतं. दुसरी ओ बाटली आणतात, तीही गोळा. तिसरीही. तंत्रज्ञ वर बघतो. त्याला कळत नाही, कारण पुस्तकात हे नाहीच.

ते पुस्तकात येतं याच साली. डॉ. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी मुंबईत सापडलेल्या या रक्ताचा शोधनिबंध १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापला. सहलेखकांत लंडनचे रेस आणि सँगर. ओ गटाच्या पेशींवर ए किंवा बी नसतं, पण त्यांचा पाया असलेला एच नावाचा पदार्थ असतो. काही थोड्या माणसांत तो पायाच बसत नाही. अशांचं रक्त वरवरच्या तपासणीत ओ दिसतं, आणि ओ रक्त चढवलं की त्यांचं शरीर ते परकं म्हणून फोडून टाकतं. या गटाला जगभर 'बॉम्बे' म्हणतात. भारतात साधारण दहा हजारांत एक. युरोपात त्याहून कितीतरी दुर्मीळ. वहिनी नेमकी तशी निघण्याची शक्यता जवळजवळ नाहीच, हे मान्य. पण प्रवास मी आखलाय, आणि एवढं तुम्हाला दाखवायचंच होतं: आज प्रत्येक रक्तकेंद्रात पेशी आणि सिरम दोन्हीकडून उलटसुलट गट तपासतात. तसं केलं नाही तर बॉम्बे गट ओ म्हणून खपून जातो.

डॉक्टर तुम्हाला विचारतात, "बाईंना सख्खे भाऊ-बहीण किती?" दोष आई आणि बाप दोघांकडून आलेला असतो, त्यामुळे प्रत्येक भावंडात तोच गट असण्याची शक्यता चारात एक. वहिनीला भावंडं तीन. तिघंही मुळशीत, आणि शेतात गुडघाभर पाणी. पौडच्या पोस्टात तार पोचेल, तिथून पुढे ती माणूस चालत नेईल. रक्त परळच्या टेबलावर आलं आणि तुम्हाला परत खोऱ्यातच पाठवलं. (केईएमच्याच आवारात पुढे रक्तगटांचं संदर्भ केंद्र उभं राहिलं, तीच आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था. दुर्मीळ गटाच्या दात्यांची नोंद तिथे ठेवतात. त्या तारेचं काम आता ही नोंदवही करते.)

१९८६. पुणे. भाताच्या पोत्यांच्या ट्रकमधून वहिनीला आणलंय, या खेपेला साध्या गटाची. बाटली गेली, प्लास्टिकची पिशवी आली: फुटत नाही, उकळावी लागत नाही, एका सुईतून बंदच्या बंद भरते. रक्तपेढीच्या खिडकीवर सांगतात, बदली दाता आणा. भावाला कावीळ होऊन गेलीय, तुम्हाला ताप आहे. तुम्ही फाटकाबाहेर येता तेव्हा चहाच्या टपरीजवळ एक माणूस स्वतःहून विचारतो, "कुठला गट पाहिजे?" त्याच्या कोपराच्या खळगीत सुयांचे डाग आहेत. भाव ठरतो. घासाघीस करताना तुम्हाला लाज वाटते, तरी तुम्ही करता.

वहिनी वाचते. गाव तुमचं कौतुक करतं. याच साली चेन्नईत भारतातला पहिला एचआयव्ही संसर्ग उघड झाला, पण रक्ताची एचआयव्ही तपासणी सक्तीची व्हायला १९८९ उजाडायचंय, आणि हिपॅटायटिस सी साठी तर २००१. त्या पिशवीतून काय आलं असेल ते कळायला एखादं दशक जावं लागेल. रक्त विकण्यावर बंदी आली ती सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानं, १ जानेवारी १९९८ पासून. भारतीय रक्तसंक्रमणात त्या निकालाएवढा मोठा बदल कुठल्याच यंत्रानं केला नाही, असं माझं मत आहे.

२०१४ पटकन बघू. जानेवारीत एकाच महिन्यात राज्यात दोन नंबर आले: १०८ वर रुग्णवाहिका आणि १०४ वर रक्त. 'जीवन अमृत सेवा' नावाच्या त्या योजनेत मोटारसायकलवरून शीतपेटीत पिशवी येणार, ४० किलोमीटर किंवा तासाभराच्या अंतरात. नकाशा काढा. औंधच्या जिल्हा रुग्णालयापासून पौड त्या वर्तुळात बसतं. ताम्हिणी बाहेर पडतं.

आता या वर्षाच्या आषाढात या. मुळशी तालुक्याचं एक टोक हिंजवडी, काचेच्या इमारतींचं. दुसरं टोक तुमचं. पिशवीच्या आतही बदल झालाय. ४५० मिलिलिटर रक्ताचे तीन भाग करतात: लाल पेशी २ ते ६ अंशांवर ४२ दिवस, प्लाझ्मा उणे ३० च्या खाली वर्षभर, आणि प्लेटलेट साध्या खोलीच्या तापमानात, सतत हलत्या तबकावर, जेमतेम पाच दिवस. एचआयव्हीचा विषाणू प्रतिपिंडं तयार होण्याआधीच पकडणारी न्यूक्लिक आम्ल चाचणी मोठ्या केंद्रांत होते. सगळीकडे नाही, कायद्याची सक्तीही नाही. पेढीचं नाव २०२० च्या नियमांपासून रक्तकेंद्र झालंय, गावात अजून कुणी तसं म्हणत नाही.

या ४२ आणि ५ आकड्यांमुळे मला एका गोष्टीचा राग येतो, तो इथेच काढून घेतो. नेत्याच्या वाढदिवसाला एका दिवसात हजार पिशव्या, दात्याला हेल्मेट नाहीतर डबा, फ्लेक्सवर विक्रम. दीड महिन्यानं त्यातल्या न वापरलेल्या लाल पेशी टाकून द्यायच्या, आणि मेमध्ये कॉलेजं बंद, कंपन्यांतली माणसं सुट्टीवर, तेव्हा नातेवाइकांनी फोन फिरवायचे. पावसाळ्यात डेंगीची उलटी तऱ्हा: रक्तस्राव नाही, प्लेटलेट ४० हजार, तरी घरचे डॉक्टरच्या मागे लागतात. रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांखाली गेल्याशिवाय त्या देऊ नयेत, अशी मार्गदर्शक तत्त्वं आहेत.

कमी द्यावं, हीच सध्याची मोठी शिकवण आहे. कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये अतिदक्षता विभागातल्या ८३८ रुग्णांवर पाहिलं: हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलं, तरी १० राखण्यासाठी भरभरून दिलेल्यांपेक्षा रुग्णांचं काही बिघडलं नाही. 'अशक्तपणा आहे, एक बाटली लावा' हे जुनं वाक्य तिथेच संपायला हवं होतं.

आणि वहिनी? २०१७ पासून माहीत आहे की बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला आणि बाळंत झाल्यापासून तीन तासांच्या आत ट्रानेक्झामिक आम्लाचं इंजेक्शन दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू कमी होतात. २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांत झालेल्या मोठ्या अभ्यासात तर बाईच्या खाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची झोळी ठेवली, म्हणजे किती रक्त गेलं ते अंदाजानं सांगायला नको. खूण ओलांडली की सगळे उपाय एकदम: गर्भाशय आकसवणारं औषध, ते इंजेक्शन, सलाईन, तपासणी. आणि पोट चोळणं. सुईणीचा हात आठवला? गंभीर रक्तस्राव आणि त्याचे परिणाम मिळून ६० टक्क्यांनी घटले.

ड्रोनचं विचाराल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं मे २०२३ मध्ये दिल्लीच्या परिसरात रक्ताच्या पिशव्या ड्रोननं नेऊन पाहिल्या, पिशव्या नीट पोचल्या. पण २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत २४ तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. त्या दिवशी इथे कावळाही उडाला नसेल.

म्हणून शेवटची उडी छोटी आणि मागे घ्या, महिन्याचा नियमही मोडून, याच वर्षाच्या फाल्गुनात. ऊन चटकतंय. वहिनी पाच महिन्यांची पोटुशी, पौडच्या ग्रामीण रुग्णालयातून कागद घेऊन आलीय: हिमोग्लोबिन ८.२, गोळ्या खाऊनही वाढत नाही. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायका अशाच रक्तक्षयी आहेत. आशाताई ओसरीवर बसून वही उघडते. लोह आता शिरेतून देतात, सलाईनमधून, काही मिनिटांत. चार-सहा आठवड्यांत आकडा चढतो. अकरा असताना जेवढं रक्त गेलं तरी बाई उठून बसते, तेवढंच आठ असताना गेलं तर पिशवी लागते.

"आणि आषाढात हिला इथे ठेवायचं नाही," आशाताई म्हणते. "पंधरा दिवस आधी पिरंगुटला बहिणीकडे."

भाऊ कावराबावरा होतो. "लावणीत? आवणाला माणूस कुठून आणू?"

"माणूस हा बसलाय की." ती तुमच्याकडे बघते. "तुमचा गट कुठला, भाऊ?"

ओ, तुम्ही सांगता. खरोखरचा ओ.

"रविवारी पिरंगुटला शिबिर आहे, नाव लिहू का? वजन पंचेचाळीसच्या वर आहे ना? आणि सकाळी पोटभर जेवून या. मागच्या वेळी तिघं उपाशी आले होते."