पान संपतं, शब्द संपत नाही

आपल्या कराडचा एक ताम्रपट प्रसिद्ध आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा, शके ८८० चा, म्हणजे इ. स. ९५९. गगनशिव नावाच्या शैव आचार्याला दिलेल्या गावाचं ते दानपत्र, रा. गो. भांडारकरांनी ते प्रसिद्ध केलं. अशा ताम्रपटांत एका पत्र्यावरची जागा संपते, पण वाक्य पुढच्या पत्र्यावर चालूच राहतं. म्हणून पत्र्यांना भोक पाडून कडी ओवायची आणि कडीवर राजमुद्रा. क्रम मोडला की दान मोडलं.

मोडीत तर शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत. ओळ भरली की शब्द असेल तिथं तुटतो, आपल्यासारखी जोडरेघ नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी मोडी वाचकांना एकदम मागणी आली. समजा, एका ओळीच्या शेवटी ‘कुण’ आहे आणि ‘बी’ खालच्या ओळीत. त्या दोन अक्षरांनंतरच्या एका अक्षरावर एका घराचा दाखला अडलेला. मुरलेला वाचक ‘नोंद नाही’ म्हणत नाही. तो म्हणतो, थांबा, खालची ओळ बघू.

संगणकाला हे थांबणं शिकवावं लागलं. त्याच्याकडे मजकूर तुकड्यातुकड्यांनी येतो. आपल्याला कराड, कऱ्हाड, करहाटक यांपैकी काहीही हवं आहे. अशा सगळ्या रूपांचा एकच साचा लिहितात, त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. तुकडा ‘करा’वर संपला. आता हे ‘कराड’ होईल, ‘करार’ होईल, की नुसतं ‘करा’? प्रत्येक तुकडा सुटा तपासणारा प्रोग्रॅम ‘सापडलं नाही’ म्हणून मोकळा होतो, आणि ही चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. बरं, तुकडा ‘कराड’वर संपला तरी निश्चिंती नाही, पुढे ‘कर’ येऊन आडनाव व्हायचं! देवनागरीचं दुखणं आणखी वेगळं. यूटीएफ-८ मध्ये आपल्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात, त्यामुळे तुकडा चक्क अक्षराच्या पोटातच पडू शकतो.

तेव्हा उत्तरं दोन नव्हेत, तीन हवीत: आहे, नाही, आणि ‘अजून सांगता येत नाही’. आमच्या न्यायशास्त्रात याला जवळचा शब्द आहे, आकांक्षा. एक पद दुसऱ्याची वाट पाहत असतं. त्याच शास्त्रात सान्निध्याचीही अट आहे. सतराव्या शतकातले अन्नंभट्ट ‘तर्कसंग्रहा’त सांगतात की ‘गाय’ आता आणि ‘आण’ एका प्रहराने म्हटलं तर वाक्यार्थ होत नाही. इथं मी अन्नंभट्टांशी थोडा भांडतो. ऐकणाऱ्याने आपण कुठवर आलो एवढं धरून ठेवलं, तर प्रहर काय नि दिवस काय?

नेमकं हेच स्टीफन क्लेनी यांच्या कामातून निघतं. मॅक्युलक आणि पिट्स यांच्या १९४३ च्या चेतापेशींच्या प्रतिमानाचा अभ्यास करताना त्यांनी १९५१ साली ही साच्यांची भाषा मांडली; लेख छापला गेला १९५६ मध्ये. अशा यंत्राला मागचा मजकूर आठवावा लागत नाही, फक्त आपली ‘अवस्था’ आठवावी लागते. १९६८ मध्ये केन थॉम्पसन यांनी शोधाची रीत दिली: सगळ्या शक्यता एकाच वेळी पुढे न्यायच्या, मागे वळायचं नाही. तुकडा संपला, अवस्था जपा, पुढचा आला की तिथूनच चाला.

पुढे मात्र मागे फिरून पुन्हा पुन्हा जुळवून पाहणारी यंत्रं जास्त चालली, कारण त्यांना जास्त करामती येतात. त्यांना जुना मजकूर हाताशी लागतो. ‘करा’ फेकून दिलं तर ‘ड’ येऊन काय उपयोग? माझ्या मते हा सौदा नेहमी परवडणारा नाही. २००४ च्या जावामध्ये एक छोटी सोय आली: जुळवताना मजकुराच्या टोकाला धडक बसली का, एवढंच ती सांगते. धडक बसली असेल तर ‘नाही’ म्हणायचं नाही.

आज मोडी कागदांची छायाचित्रं घेऊन, ओळी कापून, संगणकाकडून वाचून घेण्याचे प्रयत्न चालले आहेत. ते करणारे कुणी ऐकत असतील तर एवढंच विचारतो: ओळ कापताना तिच्या शेवटची अवस्था तुम्ही पुढच्या ओळीला देता का?