घोंगडी ते सोफा : आपल्या बैठकीची हकीकत

स्मरणिकेसाठी काही तरी लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा माझ्या घरी सोफ्याचा प्रश्न पडलेला होता. मधल्या जागेची स्प्रिंग वर आलेली, रेक्झिन फाटलेले, आणि पुढच्या महिन्यात मंडळाची बैठक माझ्याकडे! नवा घ्यावा तर पैसा हवा. जुनाच ठेवावा तर भगिनींना बसवावयाचे कोठे? या काळजीत असता मनात आले, की हा सोफा आपल्या घरांत आला तरी केव्हा? त्यापूर्वी माणसे कशावर बसत? आणि बायका कशावर बसत? माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तथापि सासूबाईंच्या तोंडून ऐकलेले आणि मुलीच्या पुस्तकांतून वाचलेले जुळवून येथे मांडते.

आपल्या हदगाव भागातील जुने घर म्हणजे माळवदाचे. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सरे आणि त्यांवर मातीचा थर. दारातून आत आले की ढेलज. ही ढेलज पुरुषांची. तेथे घोंगडी अंथरलेली, पाहुणे मोठे असतील तर तीवर जाजम किंवा सतरंजी, आणि पाठीला लोड-तक्के. गादीचा कापूस आपल्याच शेतचा. पिंजारी वर्षाकाठी दारात येई, धनुकली वाजवीत जुना कापूस पिंजून पुन्हा फुगवून देई, आणि तीच गादी पुन्हा नवी होई. जुने मोडून फेकावयाचे नाही, ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे.

सासूबाई सांगतात, की लग्न होऊन आल्यावर कितीतरी वर्षे त्या ढेलजेत झाडण्यासाठीच गेल्या. घोंगडी झटकावयाची त्यांनी, अंथरावयाची त्यांनी, तीवर बसावयाचे मात्र इतरांनी. जेवताना पुरुषांना पाट, बायका मागाहून शेणाने सारवलेल्या भुईवर. पाट मिळे तो हळदीच्या दिवशी आणि डोहाळजेवणाला.

बसण्याच्या जागेला मान असतो, हे आपली भाषाच सांगते. राजा गादीवर येतो, वारस गादी चालवतो. मुलीच्या पुस्तकात एक चित्र आहे. 1790 साली पुण्यास शनिवारवाड्यात पेशवे आणि इंग्रज यांचा टिपूविरुद्ध तह झाला, त्या दरबाराचे. थॉमस डॅनियल नावाच्या चित्रकाराने ते पुढे 1805 मध्ये पुरे केले. त्यात इंग्रज वकील मॅलेट आणि त्याची माणसे आपल्या रिवाजाप्रमाणे खाली बैठकीवर बसली आहेत. घट्ट विजारी घालून मांडी घालताना त्यांचे काय झाले असेल, ते त्यांनाच ठाऊक! त्या तहात तिसरा भागीदार हैदराबादचा निजाम होता. म्हणजे आपला मुलूख ज्याच्या अमलाखाली होता, तोच.

पुढे राज्य इंग्रजांचे झाले आणि बैठक उलटली. आता मान खाली बसणाऱ्याचा नव्हे, खुर्चीवर बसणाऱ्याचा. आपल्याकडे निजामाचे राज्य राहिले, तरी कचेरीत खुर्चीच आली. साहेब खुर्चीवर आणि कुळे समोर उकिडवी. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले, तरी खेड्यातल्या घराघरांत खुर्ची काही त्या दिवशी आली नाही. 1956 साली राज्यांची नवी रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि किनवटचा सागवानाचा प्रदेश आदिलाबादकडून आपल्या नांदेड जिल्ह्यात आला. चार पैसे असलेल्या घरांतून सागाची खुर्ची आणि बाकडे दिसू लागले. सासूबाईंच्या माहेरी एकच खुर्ची होती. ती मास्तर किंवा तलाठी आले की बाहेर निघे, आणि ते गेले की पुन्हा आत जाई.

सोफा हा शब्द मुळात अरबी आहे. सुफ्फा म्हणजे बसण्याचा ओटा. आपल्या जुन्या घरांतील सोपा आणि हा सोफा कानाला किती जवळचे लागतात पाहा!

माझ्या मते आपल्या बैठकीला खरे वळण लागले ते 1993 साली. 30 सप्टेंबरच्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले असता, किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे 8,000 माणसे गेली. दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचा भार अंगावर येऊन बहुतेक गेली. किल्लारी आपल्यापासून दूर. पण मी तेव्हा लहान होते, आणि त्यानंतर महिनाभर आम्ही अंगणात निजलो, ते मला आठवते. पुढे ज्याला जमेल तो स्लॅबचे घर बांधू लागला. ढेलज गेली, हॉल आला. हॉलमध्ये घोंगडी शोभेना, म्हणून सोफा आला.

त्याच वर्षी दुसरीही एक गोष्ट घडली. घटनेच्या 73 व्या दुरुस्तीने ग्रामपंचायतींत निदान एक तृतीयांश जागा स्त्रियांना राखून मिळाल्या. आपल्या राज्यात 2011 पासून निम्म्या. कायद्याने खुर्ची दिली. तरी सुरुवातीच्या काळात सरपंचबाई दाराशी सतरंजीवर आणि त्यांचे मालक खुर्चीवर, हे चित्र कोणी पाहिले नाही? मी माझ्या माहेरच्या गावी पाहिले आहे, आणि तेव्हा मला त्यात काही वावगेही वाटले नाही. ते आता वाटते.

माझा सोफा 2000 साली माझ्या लग्नात आंदण म्हणून आला. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा. पण सोफा, कपाट आणि पलंग यांना कोणी हुंडा म्हणत नाही. वडिलांनी त्यासाठी एक बैल विकला, हे मला दोन वर्षांनी कळले. त्या सोफ्यावर मी कितीतरी वर्षे बसले नाही. सासरे समोर असत, पाहुणे असत. मी त्यावरची धूळ पुसली आणि चहाचे कप ठेवले. म्हणून तो भंगारवाल्याला द्यावा असे यांनी म्हटले, तेव्हा माझ्या घशाशी आले.

नांदेडला जाऊन दुकाने पाहिली. पाच जणांचा सोफा 38,000 रुपये! वरून कापड गुळगुळीत. खालून वाकून पाहिले तर भुशाची फळी. हैदराबादला 2018 साली आयकिया या स्वीडनच्या कंपनीचे भारतातील पहिले दुकान निघाले, तेथून आणू असे मुलगा म्हणाला. तो सोफा म्हणे घरी आणून आपणच जोडावयाचा. मी म्हटले, आपल्याकडे जोडलेलाच आहे, तो आधी उघडून पाहू.

सुताराने अस्तर फाडले. आत काथ्या कुजलेला, स्प्रिंगा गंजलेल्या. पण सांगाडा अस्सल सागाचा, वाळवी नाही, सांधे घट्ट. बैल वाया गेला नव्हता. मग हिशेब केला. फोम 5,200, कापड 11 मीटर, 260 च्या दराने 2,860, पट्टे, खिळे, अस्तर 740, मजुरी 3,500, पॉलिश 900. एकूण 13,200 रुपये. आपल्या मंडळाच्या भिशीचे 12,000 माझ्या नंबरावर मिळाले, उरलेले घरखर्चातून काढले.

ज्या भगिनींना असे करावयाचे असेल त्यांनी फोम घेताना डेन्सिटी विचारावी. एक घनमीटर फोमचे वजन किती किलो, ते हा आकडा सांगतो. बसण्याच्या जागेला मी 40 ची घेतली. हलकी घेतली तर लौकर दबते. आणि सांगाडा पोकळ वाजत असेल, तर मात्र त्यावर एक रुपयाही घालू नये.

सोफा तयार होऊन आला त्या संध्याकाळी मी सासूबाईंना हाताला धरून त्यावर बसण्यास सांगितले. वय 78, गुडघे दुखतात, तरी आजवर त्या त्याला पाठ टेकून खालीच बसत. "मला गुळगुळीत नको," म्हणाल्या. मग पेटीतली घोंगडी काढून त्यावर घातली, तेव्हा बसल्या. मीही शेजारी बसले. चहा त्या दिवशी यांनी केला; साखर जास्त झाली होती.