तारेच्या बाहुल्या

पॅरिस मुक्त झाले, तरी १९४५ च्या वसंतात तेथे कापड मिळेना, कोळसा मिळेना. अशा वेळी तेथील नामांकित शिवणगृहांनी त्या ऋतूचे पोशाख सुमारे २७ इंची, तारेच्या बाहुल्यांवर चढवून लूव्रच्या दालनात ‘तेआत्र द ला मोद’ हे प्रदर्शन मांडले, उत्पन्न युद्धपीडितांसाठी. गुंड्या खरोखर लागत, हातपिशव्या उघडत. कुणास न दिसणारी अंतर्वस्त्रेही शिवलेली! यास आम्ही उधळपट्टी म्हणणार नाही. हातांतले कसब शाबूत आहे, हे त्यांना जगास दाखवावयाचे होते. १९४६ मध्ये बाहुल्या अमेरिकेस गेल्या. पुढे दागिने तेवढे पॅरिसला परतले. बाहुल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दुकानातच राहिल्या. आम्हां बदलीवाल्यांच्या बिऱ्हाडांत तरी निराळे काय घडते? १९५२ साली वॉशिंग्टन राज्यातील मेरीहिल संग्रहालयाने त्यांना आश्रय दिला. १९८८ साली डागडुजीसाठी त्यांनी पॅरिस पुन्हा पाहिले, एवढेच.