उपचार नाकारणाऱ्या सज्ञान मनोरुग्णासाठी बाहेरची मदत कशी मिळवावी?

घरातली एखादी सज्ञान व्यक्ती महिनोन्महिने खोलीबाहेर येत नाही. शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असे म्हणते, रात्र रात्र एकटीच बोलत असते. डॉक्टरांचे नाव काढले की ‘मला काय वेड लागलंय का?’ म्हणत दार लावून घेते. अशा वेळी नातेवाइकांना दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘त्याचीच इच्छा नसेल तर काही करता येत नाही.’ दुसरा, ‘चार माणसे बोलवा आणि उचलून न्या.’ हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. नकार देणाऱ्या व्यक्तीसाठीही मदतीच्या वाटा आहेत, मात्र प्रत्येक वाटेच्या अटी ठरलेल्या आहेत. त्या आधीच माहीत असतील तर ऐन वेळी धावपळ कमी होते.

2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, वेगवेगळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. म्हणजे ही अडचण एखाद्या घरापुरती नाही.

नकार का येतो?

लाज, खर्च, औषधांची भीती, लग्न किंवा नोकरीची चिंता ही कारणे असतातच. पण स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजाराच्या तीव्र अवस्थेत आणखी एक कारण असते. आपल्याला आजार झाला आहे, हेच रुग्णाला जाणवत नाही. हा हट्ट नसून आजाराचाच भाग असतो. ज्याला कानात खरोखर आवाज ऐकू येतात, त्याच्या दृष्टीने तो आवाज खराच असतो. म्हणून ‘तसे काही नाही, तुला भास होतो’ हे शंभर वेळा सांगूनही उपयोग होत नाही, उलट विश्वास तुटतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ झेवियर अमाडोर यांच्या भावाला स्किझोफ्रेनिया होता. अशा रुग्णांशी बोलण्याची त्यांनी सुचवलेली पद्धत जगभर वापरली जाते. आधी ऐकून घ्या, त्याच्या भावनेशी समरस व्हा, ज्यावर दोघांचे एकमत होईल असा मुद्दा शोधा आणि तेवढ्यापुरते एकत्र काम करा. ‘तुला स्किझोफ्रेनिया आहे’ हे त्याला मान्य नसेल, पण ‘तीन आठवडे झोप नाही, त्यावर काहीतरी करू’ हे मान्य होऊ शकते. झोप, भूक, अंगदुखी किंवा चिडचिड या तक्रारीसाठी नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे जायला रुग्ण तयार झाला, तरी पहिले पाऊल पडले. मात्र खोटे कारण सांगून रुग्णालयात नेऊ नका. पुढची कित्येक वर्षे तो त्या व्यक्तीवर विश्वास ठेवत नाही.

रुग्ण येत नसेल तर आधी कुटुंबाने जावे

रुग्णाशिवाय तज्ज्ञाकडे जाता येत नाही, असा समज आहे. प्रत्यक्षात नातेवाईक एकटे जाऊन मनोविकारतज्ज्ञाशी किंवा मानसिक आरोग्य समाजसेवकाशी बोलू शकतात. न तपासता डॉक्टर पक्के निदान करणार नाहीत, पण धोका किती आहे, घरात कसे वागावे, कोणत्या टप्प्यावर दाखल करावे हे सांगू शकतात.

जाताना एका वहीत नोंदी करून न्या. ‘तो विचित्र वागतो’ यातून डॉक्टरांना फारसे कळत नाही. ‘गेल्या महिन्यात दोनदा आईवर हात उगारला, पाच दिवस जेवला नाही, गॅस दोनदा उघडा ठेवला’ असे तारखांसह सांगा. पूर्वीची औषधे, व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न, घराण्यातला मानसिक आजार हेही लिहा. या नोंदी पुढे कायदेशीर टप्प्यावरही कामी येतात.

‘टेलिमानस’ ही केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022मध्ये सुरू झाली. 14416 या क्रमांकावर चोवीस तास बोलता येते, मराठीतही. नातेवाईकही फोन करू शकतात.

कायदा काय मानतो?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 हा 29 मे 2018पासून लागू आहे. त्याआधीच्या 1987च्या कायद्यात न्यायालयाचा आदेश मिळवून रुग्णाला दाखल करण्याची पद्धत होती. ‘आधी कोर्टाची ऑर्डर आणा’ असे अजूनही ऐकू येते ते त्यामुळेच. आज नेहमीच्या दाखल प्रक्रियेसाठी असा आदेश लागत नाही.

मानसिक आजार असला तरी प्रत्येक सज्ञान व्यक्ती स्वतःच्या उपचारांचा निर्णय घेऊ शकते, हे या कायद्याचे गृहीतक आहे. दिलेली माहिती समजणे, निर्णयाच्या परिणामांची कल्पना असणे आणि तो निर्णय बोलून, खुणेने किंवा अन्य प्रकारे सांगता येणे, यांवरून ती क्षमता पाहिली जाते. घरच्यांना निर्णय चुकीचा वाटतो, एवढ्यावरून क्षमता नाही असे ठरत नाही. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न, नोकरी सोडणे, वेगळी श्रद्धा किंवा वेगळी राहणी म्हणजेही मानसिक आजार नव्हे.

नामनिर्देशित प्रतिनिधी कोण?

रुग्णाला आधाराची गरज असते तेव्हा कायदा ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’कडे पाहतो. कोणतीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकते. नेमलेला नसेल तर हा क्रम लागतो: आगाऊ निर्देशात नाव दिलेली व्यक्ती, मग नातेवाईक, मग काळजी घेणारी व्यक्ती, मग मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाने नेमलेली योग्य व्यक्ती. म्हणजे कागद नसला तरी आई, भाऊ किंवा पत्नी पुढे येऊ शकते.

दाखल करण्याच्या वाटा

*स्वतःच्या इच्छेने:* रुग्ण तयार असेल तर हीच वाट उत्तम. त्याला स्वतःहून घरी जाता येते. मात्र स्वतःला किंवा इतरांना धोका दिसत असेल तर पुन्हा तपासणी करण्यासाठी डॉक्टर 24 तासांपर्यंत त्याला थांबवू शकतात.

*प्रतिनिधीच्या अर्जावरून:* कायद्याच्या कलम 89नुसार नामनिर्देशित प्रतिनिधी अर्ज करतो. दोन जणांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासावे लागते. त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ असतो आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर. पुढीलपैकी एक तरी गोष्ट अलीकडे घडलेली असावी:

- स्वतःला इजा करण्याची धमकी किंवा प्रयत्न;
- दुसऱ्यावर हिंसा, किंवा दुसऱ्याला इजेची भीती वाटेल असे वागणे;
- स्वतःची काळजी घेता न येणे, इतके की त्यातून जिवाला किंवा प्रकृतीला धोका व्हावा.

तिसरा मुद्दा अनेकांना माहीत नसतो. मारहाण होत नाही म्हणून काही करता येत नाही, असे समजून घरचे थांबतात. पण अन्नपाणी सोडलेली किंवा मधुमेहाची औषधे बंद केलेली व्यक्तीही या अटीत बसू शकते.

याशिवाय, रुग्णाला स्वतंत्रपणे निर्णय घेता येत नाही आणि याहून कमी बंधनाचा दुसरा मार्ग नाही, अशीही तपासणाऱ्यांची खात्री व्हावी लागते. तपासणी दाखल करण्याच्या दिवशीची किंवा आधीच्या 7 दिवसांतली चालते. त्यामुळे मनोविकारतज्ज्ञ घरी येऊन तपासायला तयार असतील तर त्याचा मोठा उपयोग होतो.

असा दाखला जास्तीत जास्त 30 दिवसांचा असतो. रुग्णालयाने पुनरावलोकन मंडळाला कळवायचे असते, स्त्री रुग्णाबाबत 3 दिवसांत आणि पुरुष रुग्णाबाबत 7 दिवसांत. रुग्ण मंडळाकडे दादही मागू शकतो. 30 दिवसांनंतर ठेवायचे असेल तर दोन मनोविकारतज्ज्ञांची तपासणी आणि मंडळाची परवानगी लागते.

तातडीच्या वेळी

मृत्यू, गंभीर इजा किंवा आजारामुळे मालमत्तेचे मोठे नुकसान होण्याचा धोका असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार देऊ शकतो. प्रतिनिधी उपलब्ध असेल तर त्याची संमती घेतली जाते. हे उपचार 72 तासांपुरते असतात आणि जवळच्या मानसिक आरोग्य केंद्रात पोहोचवणे हाही त्यांचाच भाग आहे. तातडीचा उपचार म्हणून विजेचे झटके देता येत नाहीत. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108 आणि पोलिसांसाठी 112 हे क्रमांक आहेत.

मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या व्यक्तीला संरक्षणात घेणे, हे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचे कर्तव्य आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या व्यक्तीलाही हेच लागू होते. अशा व्यक्तीला 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यावे लागते. कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. फोन करताना ‘घरात भांडण चाललंय’ असे सांगू नका. ‘मानसिक आजार आहे, हातात चाकू आहे, घरात वृद्ध आई आहे, कलम 100नुसार मदत हवी आहे’ असे नेमके सांगा.

आत्महत्येचे बोलणे धमकी म्हणून सोडून देऊ नका. सरळ विचारा, सोबत थांबा, कीटकनाशके, दोर आणि औषधांचा साठा घरातून हलवा. पोलीस केस होईल या भीतीने प्रयत्न लपवण्याचेही कारण नाही. प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे कायदा मानतो आणि तिच्यावर उपचार करण्याची जबाबदारी शासनावर टाकतो.

एकटी राहणारी किंवा कोंडलेली व्यक्ती

शेजारी, मित्र किंवा सोसायटीचे पदाधिकारी कुणाला दाखल करायचा अर्ज प्रतिनिधी म्हणून सहसा करू शकत नाहीत. पण मानसिक आजार असलेल्या व्यक्तीचा छळ किंवा तिच्याकडे दुर्लक्ष होत असल्याचे दिसले, तर कोणीही पोलिसांना कळवू शकते. पोलिसांनी ते मॅजिस्ट्रेटला कळवायचे असते. मॅजिस्ट्रेट त्या व्यक्तीला सरकारी मानसिक आरोग्य केंद्रात तपासणीसाठी पाठवू शकतात किंवा 10 दिवसांपर्यंत दाखल करण्याची परवानगी देऊ शकतात.

काय करू नये?

रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधणे कायद्याने बंद आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे 6 ऑगस्ट 2001 रोजी एका खासगी निवासात आग लागली. साखळ्यांनी बांधलेले 28 मनोरुग्ण पळता न आल्यामुळे मरण पावले.

जेवणात गुपचूप गोळ्या मिसळू नका. मात्रा नीट राहत नाही, दुष्परिणाम कळत नाहीत, आणि ‘मला विष घालतात’ असा संशय असलेल्या माणसाला एके दिवशी त्याचा पुरावाच सापडतो. ‘फक्त पत्ता द्या, आम्ही उचलून नेतो’ म्हणणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आणि मनोविकारतज्ज्ञाचे नाव विचारा. नोंदणीशिवाय असे केंद्र चालवता येत नाही. देवऋषी किंवा दर्ग्यावर श्रद्धा असेल तर त्यावरून घरात भांडू नका, पण त्यासाठी उपचार थांबवू नका.

कुठे जावे?

सुरुवात जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागापासून करा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक तिथेच भेटते. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा (पुणे), नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. गोव्यात बांबोळी येथे मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतही मनोविकार विभाग असतात. पुण्यातील ‘सा’ (स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन) आणि ठाण्यातील ‘आयपीएच’ या संस्था कुटुंबांसोबतही काम करतात. रस्त्यावरच्या मनोरुग्णांसाठी कर्जतचे श्रद्धा पुनर्वसन केंद्र काम करते. त्याचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना 2018चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कायदेशीर मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा 15100 हा क्रमांक आहे.

बरे वाटू लागल्यावर

दाखल करणे हा उपचारांचा एक टप्पा आहे. बरे वाटताच औषध सोडले की आजार उलटण्याची शक्यता वाढते. म्हणून घरी सोडण्याआधीच पुढची तारीख, औषधे कोण आणणार आणि उलटण्याची पहिली लक्षणे कोणती, हे डॉक्टरांसोबत लिहून काढा.

मन स्थिर असतानाच रुग्णाकडून ‘आगाऊ निर्देश’ लिहून घेता येतो. पुन्हा तीव्र झटका आला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि निर्णय कोणी घ्यायचा, हे त्यात तो स्वतः सांगतो. पुढच्या वेळी त्याच्या मनाविरुद्ध काही करावे लागले, तरी ते त्यानेच शुद्धीवर असताना दिलेल्या शब्दाला धरून असेल. घरच्यांनाही त्या कागदाचा मोठा आधार वाटतो.